पंचाहत्तर रुपयांचे व्रत

महाविद्यालयांच्या खर्चाला कात्री लागली की तिची धार प्रथम अध्यापकांच्या वेतनाला जाणवते. अशा प्रसंगी कसे निभावावे, याचा एक जुना दाखला पुण्यात आढळतो. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षे सेवा करण्याचे पत्करले. कारभारही त्यांच्याच हाती असल्यामुळे ही काटकसर कोणी लादलेली नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले तर सुट्टीचे दिवसही कॉलेजसाठी निधी गोळा करण्यात घालवीत.

तथापि एवढ्या वेतनात संसार चालविणे सोपे नव्हते. बाहेरून मिळकत करावी की नाही, हा वाद अशा त्यागी मंडळींतही विकोपाला गेला. आजीव सभासदाने आपली सारी शक्ती संस्थेलाच वाहावी, हा टिळकांचा आग्रह होता. १८९० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. कॉलेज तगले, परंतु सहकारी दुरावले. चणचण सर्वांनी मिळून सोसता येते. मात्र कोणी किती सोसावयाचे, हे आरंभीच स्पष्ट ठरलेले बरे.