कुलूप आणि किल्ली

अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजून मजकूर लपवावयाचा, ही युक्ती फार जुनी आहे. ज्यूलियस सीझर आपल्या पत्रांतून प्रत्येक अक्षर तीन घरे सरकवी. आपल्याकडे महानुभावांनी सकळ लिपी योजिली. तिच्यात त्यांचे ग्रंथ शतकानुशतके परक्यांना बंद राहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली, तेव्हा जुन्या मराठीचे मोठे भांडार अभ्यासकांच्या हाती आले.

सीझरची रीत आज हौशी विद्यार्थी संगणकाला पाचदहा ओळींत शिकवितो. नियम नेमका सांगितला की यंत्र तो पाळते. तोच नेमकेपणा अक्षरांऐवजी ठिपक्यांना लावला की चित्र उमटते. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकाच्या पडद्यावर दोन अवकाशयाने झुंजविली. एकाने त्यांमागे खऱ्या आकाशातील तारे मांडले, दुसऱ्याने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिले. हा ‘स्पेसवॉर’ खेळ त्यांनी लपविला नाही, विकलाही नाही. मागेल त्याला दिला. म्हणूनच तो गावोगावच्या यंत्रांवर पोहोचला, आणि तो पाहून इतर शिकले.

कुलूप घडविणाराची बुद्धी थोर खरीच. परंतु विद्या वाढली ती किल्ली वाटणारांमुळे.