शिष्याच्या गळ्यात गुरू किती असावा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

५ मे १९०१ रोजी लाहोर शहरात एका मराठी गवयाने गाण्याची शाळा काढली. पाठीशी कुठल्या संस्थानिकाचा आश्रय नव्हता. शाळा चालायची ती लोकांच्या देणग्यांवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि स्वतः दिलेल्या जलशांच्या उत्पन्नावर. शाळेचे नाव गांधर्व महाविद्यालय आणि गवयाचे नाव विष्णु दिगंबर पलुस्कर. वय अवघे अठ्ठावीस. सुरुवातीचे काही दिवस विद्यार्थीच फिरकेनात, तेव्हा पंडितजी रिकाम्या वर्गात ठरलेल्या वेळी तंबोरा लावून एकटेच गात बसत, असे सांगतात.

आज गल्लोगल्ली गाण्याचे क्लास आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. त्यामुळे लाहोरच्या त्या शाळेत विशेष काय होते, हे चटकन लक्षात येत नाही. ते समजण्यासाठी थोडे मागे, मिरजेला जावे लागेल.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी शोभेच्या दारूने डोळे भाजले आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. मग हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. त्यांनी ही विद्या उत्तरेत घरदार सोडून, गुरूच्या घरी पडेल ते काम करून, अक्षरशः वणवण करून मिळवलेली होती. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून ती त्यांच्या पदरात पडली. त्या काळी विद्या शिकवली जात नसे, ती गुरूची मर्जी सांभाळून मिळवावी लागे. कधी मिळे, कधी दहा वर्षे सेवा करूनही मिळत नसे.

मिरजेला विष्णु दिगंबरांची तालीम कसून झाली. संस्थानाधिपतींचा लोभ होता, मानपान होता. पण त्यांच्या चरित्रात एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. गावातल्या एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले, त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की ते तर गवई, त्यांना कशाला बोलवायचे! ज्या माणसापुढे आपण हात जोडतो, त्याला समाजात एवढीच किंमत आहे, हे त्या तरुणाला तेव्हा कळले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. काठेवाड, राजस्थान, पंजाब असे फिरत, तिकीट लावून जाहीर जलसे करत ते लाहोरला पोहोचले. दरबारात किंवा माडीवर ऐकायचे गाणे चार पैसे देऊन कोणालाही ऐकता यावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

म्हणजे लाहोरची शाळा नुसत्या संगीतप्रेमातून निघाली नव्हती. गुरूचा झालेला अपमान तिच्या पायात होता. गवयाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची तर गवई सुशिक्षित, निर्व्यसनी, वक्तशीर असला पाहिजे, असा पंडितजींचा ग्रह झाला. त्यांनी अभ्यासक्रम आखले, स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली, स्त्रियांसाठी वर्ग काढले. १९०८ साली ते मुंबईला आले आणि तिथेही विद्यालय सुरू केले.

त्यांच्या कामाचा खरा कणा होता तो ‘उपदेशक वर्ग’. गरीब घरातली, गळा असलेली मुले निवडायची, त्यांच्या पालकांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घ्यायचा आणि जेवणखाण, कपडालत्ता, विद्या सगळे मोफत द्यायचे. पहाटे उठून रियाज, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप. ही मुले पुढे गावोगाव जाऊन संगीत शिकवणार, अशी अपेक्षा होती. अशी मोफत राहण्याजेवणाची सोय करायला पैसा लागे, तो जलशांतून आणि कर्जातून उभा राही. शेवटी कर्ज एवढे वाढले की मुंबईतली विद्यालयाची इमारत हातची गेली. पंडितजी नाशिकला जाऊन रामनामात रमले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेलाच त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, पण माणसे उभी राहिली होती. ओंकारनाथ ठाकूर हा गुजरातमधला अतिशय गरीब घरातला मुलगा. एका पारशी शेठजींच्या मदतीने तो पंडितजींकडे आला. १९१६ साली, विशीही ओलांडली नसताना, पंडितजींनी त्याला लाहोरच्या विद्यालयाचा प्राचार्य करून पाठवले. एवढ्या कोवळ्या वयात एवढा विश्वास टाकणे हेसुद्धा शिक्षणच. पुढे हेच ओंकारनाथ बनारस हिंदू विद्यापीठातल्या संगीत विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि एन. राजम यांच्यासारख्या व्हायोलिनवादक त्यांच्या हाताखाली घडल्या. नारायण मोरेश्वर खरे हे दुसरे शिष्य. ते साबरमतीच्या आश्रमात गांधीजींकडे गेले, आश्रमाची भजने त्यांनी बसवली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. मैफलीचे नाव त्यांनी कधी कमावले नाही, पण गुरूने शिकवलेले गाणे त्यांनी देशाच्या तोंडी घातले.

तिसरे विनायकराव पटवर्धन. ते गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांबरोबर काम करत होते. नाव होते, पैसा होता. गुरू गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३२ साली, त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात घातले. गुरूंचा मुलगा दत्तात्रेय वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याची तालीम विनायकरावांनी आणि नारायणराव व्यासांनी केली. तेच आपले डी. व्ही. पलुस्कर. ज्या विद्येसाठी बाळकृष्णबुवांना दारोदार हिंडावे लागले, ती त्यांच्या शिष्याच्या शिष्यांनी गुरूच्या पोरक्या मुलाला घरी बसवून दिली. डी. व्ही. १९५५ साली, चौतीस वर्षांचे असताना गेले. पण तेवढ्या वर्षांत त्यांनी जे गाऊन ठेवले, त्यातला प्रसन्नपणा आजही ध्वनिमुद्रिका लावली की घरभर पसरतो.

इथपर्यंत ही कृतज्ञतेची कहाणी झाली. पण एक प्रश्न उरतोच आणि तो पंडितजींच्या हयातीपासून विचारला जात आहे. वर्ग, घंटा, अभ्यासक्रम, परीक्षा यांतून कलावंत तयार होतो का? शिस्तीत वाढलेली मुले चांगले शिक्षक होतील, चांगले श्रोतेही होतील, पण त्यांच्यातून स्वतःचे काही सांगणारा गवई निघेल का? आक्षेप अगदीच खोटा नाही. पंडितजींना शृंगारिक शब्द खपत नसत. कितीतरी जुन्या चिजांचे बोल बदलून त्यांनी तिथे भक्तीचे बोल घातले. गवयाला मान मिळावा म्हणून त्यांनी गाण्यावर सोवळे चढवले, आणि त्यात गाण्याचा थोडा रंग उडाला, असे म्हणणारे जाणकार होते आणि आहेत.

या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या आणखी एका शिष्याच्या कामात दिसते. ते शिष्य म्हणजे प्रा. बी. आर. देवधर. जन्म १९०१ सालचा, मिरजेचा. पंडितजींच्या कडक शिस्तीत वाढूनही ते बी.ए. झाले, त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला, आवाज कसा तयार होतो याचा शास्त्रीय अंगाने विचार केला. १९२५ साली त्यांनी मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली. पण त्यांचे वेगळेपण याहून दुसऱ्याच गोष्टीत होते. त्यांना सगळ्या घराण्यांचे कुतूहल होते. बडे गुलाम अली खाँसाहेबांसारख्या उस्तादांशी त्यांचा स्नेह होता. जुन्या गवयांकडून ते चिजा मिळवत, त्यांचे किस्से लिहून ठेवत. ‘थोर संगीतकार’ हे त्यांचे पुस्तक त्या कुतूहलातूनच आले. आपल्या घराण्याबाहेरचे गाणे शिष्याच्या कानावरही पडू नये, असे मानणारे गुरू त्या काळी पुष्कळ होते. देवधरांच्या शाळेचे दार मात्र उघडे होते.

या उघड्या दारातून १९३०च्या दशकात बेळगावकडचा एक मुलगा आत आला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. लोक त्याला तेव्हाच कुमार गंधर्व म्हणू लागले होते. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत, टाळ्या पडत, बिदागी मिळे. आता जरा शिक्षकाच्या जागी उभे राहून पाहा. अशा मुलाला शिकवायचे काय? त्याला सगळे येते, आणि जे येते त्यातले स्वतःचे काहीच नाही. याच जादूवर त्याला गावोगाव नाचवले असते तर चार वर्षांत आवाज फुटला असता आणि जादू संपली असती. बालकलावंतांच्या बाबतीत असे कितीदा होते, हे आपण पाहतोच.

देवधरांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतले आणि नक्कल मोडून टाकण्याऐवजी त्या नकलेमागचे कारण शोधायला लावले. एखादा गवई ही जागा अशीच का घेतो? हा राग या स्वराशी आल्यावर का वळतो? शाळेत येणारे तऱ्हेतऱ्हेचे गवई त्याला ऐकायला मिळाले. अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही तो शिकला. आपला शिष्य दुसऱ्याकडून शिकतो याचा कमीपणा देवधरांनी मानला नाही. काही वर्षांत तो त्याच शाळेत शिकवूही लागला. ज्याला शिकवावे लागते त्याला स्वतःलाच ‘का’ विचारावे लागते, हे शिक्षक असलेल्या कोणालाही पटेल.

हे शिक्षण किती खोल गेले होते याची परीक्षा पुढे नियतीनेच घेतली. १९४७ साली भानुमतींशी विवाह झाला, १९४८ च्या सुरुवातीला कुमारजी देवासला राहायला गेले आणि लवकरच क्षयाने त्यांना अंथरुणाला खिळवले. जवळजवळ पाच वर्षे गाणे बंद. आजारातून उठले तेव्हा फुफ्फुसांचे पूर्वीचे बळ राहिले नव्हते. लांबलचक दमसासाची गायकी आता शक्य नव्हती. ज्याच्याजवळ फक्त पाठ केलेले गाणे आहे असा गवई इथे संपला असता. कुमारजींनी अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याच्या बायकांची गाणी ऐकली, त्या धुनांत रागांची बीजे कशी दडली आहेत याचा विचार केला आणि छोट्या छोट्या, भेदक स्वरवाक्यांची स्वतःची गायकी घडवली. त्यांच्या ‘अनूपरागविलास’ या १९६५ सालच्या ग्रंथात त्यातले पुष्कळ काही आले आहे. प्रतिभा त्यांचीच, यात शंका नाही. पण गाणे मोडून पुन्हा जोडता येते हा आत्मविश्वास त्यांना देवधरांच्या शाळेत मिळाला, असे मला वाटते.

आता ही साखळी नीट पाहा. बाळकृष्णबुवांनी हाल सोसून विद्या आणली आणि शिष्यांना दिली. विष्णु दिगंबरांनी ती चार भिंतींत सर्वांसाठी खुली केली, पण तिला शिस्तीचे कुंपण घातले. देवधरांनी शिस्त ठेवली आणि कुंपणाला फाटक बसवले. कुमार गंधर्व त्या फाटकातून बाहेर पडले. प्रत्येकाने आपल्या गुरूकडून घेतले आणि गुरूकडे जे कमी होते ते शिष्याला देण्याचा प्रयत्न केला. गुरूची हुबेहूब प्रत काढणारा शिष्य या साखळीत एकही नाही, आणि गुरूला विसरलेलाही एकही नाही.

साखळी तिथे तुटली नाही. विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे चिरंजीव मधुप मुद्गल घरच्या परंपरेत वाढले आणि पुढे देवासच्या कुमारजींकडे शिकले. विष्णु दिगंबरांपासून फुटलेल्या दोन शाखा अशा पुन्हा एकत्र आल्या. पंडितजींच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आजही देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले बसतात. त्यांतल्या बहुतेकांना कुमार गंधर्व व्हायचे नसते, होताही येणार नाही. पण चांगले ऐकण्याचा कान त्यांना मिळतो, हेही पंडितजींच्या पदरात टाकायला हवे.

जून महिना आला की आईवडील मुलांना गाण्याच्या, चित्रकलेच्या, नृत्याच्या क्लासला घालतात. फी किती, परीक्षा कधी, स्नेहसंमेलनात संधी मिळेल का, हे विचारतात. ते विचारावेच. पण जमले तर एखादा दिवस वर्गाच्या दाराशी थोडा वेळ बसून पाहावे. मूल शिकवल्यापेक्षा काही वेगळे करू लागले, गाता गाता भलतीकडेच वळले, तर बाई किंवा सर काय करतात? लगेच थांबवतात, की क्षणभर ऐकतात, आणि मग विचारतात, “हे तुला कुठून सुचलं?” असा प्रश्न विचारणारा शिक्षक भेटला, तर क्लास घरापासून थोडा लांब असला तरी चालेल.