समुद्रकाठचा माळ आणि टॉम मॉरिस

गोल्फसारख्या खेळाला इतिहासाच्या व्याख्यानात जागा ती कोणती, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे हा खेळ साहेबांबरोबर आला, छावणीच्या आणि क्लबाच्या कुंपणाआड वाढला. त्यामुळे त्याच्याशी सामान्य माणसाचा संबंध आला तो बहुधा चेंडू शोधून आणणाऱ्या पोऱ्याच्या नात्याने. तथापि ज्या स्कॉटलंडात हा खेळ रुजला, तेथील त्याची कथा थोडी निराळी आहे. ती एका गायरानाची कथा आहे, आणि ते गायरान आखणाऱ्या एका विणकराच्या मुलाचीही आहे. एखादी जमीन मुळात कोणाची, तिच्यावर कोणी काय करावे, आणि जो आखतो त्याचा हात हलका असावा की जड, हे प्रश्न त्या कथेत गुंतलेले आहेत. ते आपल्याला परके नाहीत.

प्रथम जमिनीविषयी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा असतो. त्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. हिमयुगानंतर समुद्र मागे हटला, वाऱ्याने पुळणीची वाळू आत लोटली, तिच्यावर बारीक, चिवट गवत उगवले, आणि हा पट्टा तयार झाला. तेथे नांगर चालत नाही. पाणी मात्र साचत नाही. कितीही पाऊस पडो, घटकेत जमीन कोरडी. म्हणून शेतकऱ्याने तो मेंढरांसाठी सोडला. मेंढरे वाऱ्याच्या आडोशाला टेकाडामागे दाटीवाटीने बसत, तेथील गवत झिजे, वाळू उघडी पडे. आज गोल्फच्या मैदानावर ज्याला ‘बंकर’ म्हणतात, त्या वाळूच्या खड्ड्यांचे मूळ पुष्कळ ठिकाणी असे आहे. थोडक्यात, या खेळाचे पहिले मैदान वाऱ्याने आणि मेंढरांनी आखले, माणूस मागाहून आला.

सेंट अँड्र्यूज या गावी हा माळ गावाचा समजला जाई. १५५२ साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने माळावर ससे पाळण्याचा अधिकार मिळवला, तेव्हा त्याच लेखात गावकऱ्यांचे गोल्फ, फुटबॉल इत्यादी खेळ खेळण्याचे हक्क मान्य करून घेण्यात आले. पुढे कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने माळ हातचा घालवला आणि १७९७ पासून तो सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या ताब्यात गेला. सशांनी मैदानभर बिळे केली. गावकरी ससे मारू लागले, मारामाऱ्या झाल्या, खटले चालले. हा तंटा १८२१ साली शेजारचा जमीनदार जेम्स चीप याने माळ विकत घेतला तेव्हा कोठे शमला. त्याच वर्षी, १६ जून १८२१ रोजी, या गावात टॉम मॉरिस जन्मला.

टॉमचा बाप हातमागावर कापड विणणारा. यंत्रमागाने त्या धंद्याचे दिवस भरत आले होते, म्हणून पोराला ॲलन रॉबर्टसन या चेंडू करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. त्या काळचा चेंडू म्हणजे कातड्याची पिशवी. तिच्यात उकडलेली पिसे ठासून भरायची आणि ती शिवून घ्यायची. कुशल कारागीर दिवसाकाठी मोजकेच चेंडू करू शके, त्यामुळे चेंडू महाग आणि खेळ सधनांचा. १८४८ च्या सुमारास पूर्वेकडून येणाऱ्या गटापर्चा या झाडाच्या चिकाचे चेंडू निघाले आणि सारा हिशेब बदलला. या चेंडूच्या जन्माविषयी एक आख्यायिका सांगतात. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजला विष्णूची एक मूर्ती पाठविण्यात आली. ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्यांतूनच पहिला चेंडू वळला गेला! आख्यायिका खरी असो वा नसो, स्वस्त चेंडूमुळे खेळ सामान्यांच्या हाती आला हे मात्र खरे. रॉबर्टसनला यात आपल्या धंद्याचे मरण दिसले. टॉम एके दिवशी नवा चेंडू घेऊन खेळताना त्याला आढळला, शब्दाला शब्द वाढला, आणि गुरुशिष्यांची फारकत झाली.

ही फारकत टॉमच्या पथ्यावर पडली. पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे १८५१ साली नवा क्लब निघाला होता. कर्नल जेम्स ऑगिल्व्ही फेअर्ली या गृहस्थाने टॉमला तेथे मैदानाचा राखणदार म्हणून नेले. जागा अपुरी, टेकाडे वेडीवाकडी. टॉमने तीत बाराच होल बसवले. एकाची वाट दुसऱ्याच्या वाटेला छेदून जाई. होल म्हणजे ज्यात चेंडू घालायचा तो जमिनीतील लहानसा खड्डा, आणि तेथवर जाणारी सारी वाटही. पहिला होल ५७८ यार्डांचा होता. दुसऱ्या एका होलावर मधे आडवे येणारे टेकाड टॉमने खणून काढले नाही. त्यावरूनच चेंडू मारायचा, पलीकडले दिसणार नाही, अंदाजाने मारायचा! ‘आल्प्स’ या नावाने प्रसिद्ध असलेला तो होल आजही खेळला जातो.

याच बारा होलांच्या मैदानावर १७ ऑक्टोबर १८६० रोजी धंदेवाईक खेळाडूंची पहिली खुली स्पर्धा झाली. खेळाडू अवघे आठ. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, टॉम १७६ वर दुसरा आला. पुढे टॉमने ही स्पर्धा १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा जिंकली. त्याचा मुलगा, धाकटा टॉम, बापाहूनही सवाई निघाला. त्यानेही चार वेळा जिंकली. परंतु १८७५ च्या नाताळच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. त्याची बायको आणि नवजात मूल ही त्याआधी तीनच महिने गेली होती. बाप यानंतर बत्तीस वर्षांहून अधिक काळ जगला.

येथे ‘धंदेवाईक’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. आज या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे ऐश्वर्य उभे राहते. त्या काळी धंदेवाईक म्हणजे चाकरमान्या कारागीर. तो चेंडू करी, काठ्या दुरुस्त करी, गवत राखी आणि सभ्य गृहस्थांबरोबर मजुरी घेऊन खेळे. १८६४ साली सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने टॉमला परत बोलावले ते वर्षाला ५० पौंड पगारावर. मैदानाच्या देखभालीसाठी आणखी २० पौंड. हत्यारे म्हणजे हातगाडा, कुदळ आणि फावडे.

या तुटपुंज्या साधनांनी टॉमने जे केले ते आमच्या मते त्याच्या चार विजयांपेक्षा मोठे आहे. झिजलेल्या हिरवळीवर वाळू पसरली की गवत दाट येते हे त्याने ओळखले, आणि जन्मभर मदतनिसाला तो एकच गोष्ट सांगत राहिला: आणखी वाळू घाल. रविवारी मैदान बंद राहील हा दंडकही त्याने कसोशीने पाळला. खेळणाऱ्यांना विश्रांती नको असली तरी जमिनीला ती हवी असते, असे तो म्हणे. काही मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर त्या जुन्या मैदानावर आजही रविवारी खेळ होत नाही. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह तेथे फिरावयास येतात, कुत्री बागडतात. माळ पुन्हा गावाचा होतो. १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने हा माळ गावाच्या मालकीत परत आला आणि पुढल्याच वर्षी त्यावर दुसरे मैदान तयार झाले. त्याच्या आखणीतही टॉमचा हात होता.

रेल्वे पसरली तशी समुद्रकाठची गावे विहारस्थाने बनली, आणि प्रत्येक गावाला गोल्फचे मैदान हवेसे झाले. मग बोलावणे जाई ते टॉम मॉरिसला. माक्रिहॅनिश, डॉर्नॉक, आयर्लंडातील काउंटी डाऊन आणि लाहिंच, अशी नावे मोजावी तितकी थोडी. रोजचा एक पौंड आणि प्रवासखर्च, हा त्याचा दर. १८८९ साली काउंटी डाऊनच्या मंडळींनी त्याच्या भेटीसाठी मंजूर केलेली रक्कम चार पौंडांच्या आसपास होती! दाढीवाला म्हातारा माळावर उतरे, टेकाडांतून पायी फिरे, वारा पाही, जेथे गवत आपोआप सपाट आणि दाट आहे तेथे हिरवळीची खूण करी. एकदोन दिवसांत काम आटोपे. नकाशा नाही, यंत्र नाही, मातीची फिरवाफिरव नाही. लाहिंच येथे दोन टेकाडांच्या कुशीत लपलेली एक हिरवळ त्याने तशीच ठेवली. ती खेळाडूला दिसत नाही, म्हणून टेकाडावर पांढरा दगड ठेवून दिशा दाखवितात. त्याच्या हाताखाली शिकलेला डॉर्नॉकचा डोनाल्ड रॉस १८९९ साली अमेरिकेस गेला आणि तेथे त्याने सुमारे ४०० मैदाने आखली. असा हा वारसा समुद्रापार गेला.

येथवरची कथा गोड आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने गोड तेवढेच सांगून थांबू नये. स्कॉटलंडच्या पश्चिमेस साउथ उइस्ट नावाचे बेट आहे. १८५१ साली, म्हणजे टॉम प्रेस्टविकला गेला त्याच वर्षी, बेटाचा मालक कर्नल जॉन गॉर्डन याने साउथ उइस्ट आणि शेजारच्या बारा या बेटांवरील दीड हजारांहून अधिक कुळांना व त्यांच्या कुटुंबीयांना जहाजांत घालून कॅनडाला रवाना केले. कित्येकांना बळाने पकडून चढवले गेले. त्यांच्या जमिनी मेंढपाळीच्या मोठ्या शेतांना मिळाल्या. १८८६ च्या कायद्याने उरलेल्या कुळांना, म्हणजे ‘क्रॉफ्टरां’ना, बेदखल न होण्याची हमी मिळाली, गेलेली जमीन मात्र मिळाली नाही. १८९१ साली या कर्नलाची सून लेडी गॉर्डन कॅथकार्ट हिने टॉम मॉरिसला बोलावले, आणि त्याने ॲस्कर्निश येथील टेकाडांत मैदान आखून दिले.

टॉम हा दुष्ट नव्हता. जो बोलावील त्याची जमीन, असे समजून तो आपले काम करी. पण ज्या माणसाचा स्वतःचा गाव माळाच्या हक्कासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडला, त्याने हजारो कुळांच्या उसाशांनी भरलेल्या भूमीवर धनिणीसाठी खुणा रोवाव्या, ही इतिहासाची विसंगती आहे. कारागिराच्या कौशल्याने मालकीचा प्रश्न सुटत नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९३० च्या दशकात त्या भागातील सपाट जमीन विमाने उतरविण्यासाठी वापरण्यात आली, मैदान आकसले, टेकाडांतील होल गवताखाली गेले आणि विसरले गेले. डिसेंबर २००५ मध्ये गॉर्डन अर्विन हा जाणकार तेथे गेला. टेकाडांतून हिंडताना त्याला वाटा आणि हिरवळी जणू जागच्या जागी दिसू लागल्या. २००६ साली बेटावरील लोकांनी आपल्या संस्थेमार्फत सुमारे ९३,००० एकरांची ती सारी जहागीर विकत घेतली, आणि २००८ साली मैदान पुन्हा खुले झाले. माती उकरली नाही, रासायनिक खते घातली नाहीत. हिवाळ्यात तेथे गुरे चरतात. तरीही हे निर्वेधपणे घडले नाही. आपले चराईचे हक्क बुडतील म्हणून काही क्रॉफ्टर विरोधात उभे राहिले आणि प्रकरण जमीन-न्यायालयापर्यंत गेले. मालकी लोकांची झाली तरी लोकांतही गुरेवाला आणि खेळवाला असे दोन पक्ष असतातच. त्यांचा तंटा न्यायासनापुढे चालावा, जहाजात घालून मिटू नये, एवढी प्रगती मात्र नक्कीच झाली.

याच्या जोडीला एक उलट उदाहरण ठेवू. ॲबर्डीनच्या उत्तरेस सरकत्या वाळूच्या एका दुर्मीळ प्रदेशात २०१२ साली एक भव्य मैदान खुले झाले. वाळू सरकू नये म्हणून ती गवत लावून जखडण्यात आली. परिणामी ज्या सरकत्या वाळूसाठी त्या प्रदेशाला शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण होते, ते वैशिष्ट्यच नासले, आणि २०२० साली त्या भागाचे हे संरक्षण काढून घेण्यात आले. तेथे शंभर वर्षांनी कोणी गेला तर त्याला जुना माळ सापडणार नाही.

टॉम मॉरिस २४ मे १९०८ रोजी, जिन्यावरून पडल्याचे निमित्त होऊन, सेंट अँड्र्यूज येथे वारला. त्याच्या आखणीचा आम्हांला जाणवलेला विशेष असा की, तिने जमिनीकडून फार थोडे घेतले. म्हणूनच ॲस्कर्निशचे मैदान विसरले गेले तेव्हा तेथे गवत होते, मेंढरे होती, आणि हक्क मागणाऱ्याला मागण्यासारखे काही उरले होते. हलक्या हाताने अन्याय धुऊन निघत नाही. पण तो दुरुस्त करण्याची वाट तरी बुजत नाही. आपल्याही किनाऱ्यावर नवनव्या आखण्या घेऊन माणसे येत असतात. त्यांच्या हाती कुदळ आहे की यंत्र, आणि माळावर आज कोणाची गुरे चरत आहेत, हे दोन प्रश्न आपण विचारले, तर या परक्या खेळाच्या इतिहासात आपण घालविलेला वेळ वाया गेला नाही असे आम्ही समजू.