रुमालाखालचा भाव, खतावणीतला माणूस

एके काळी दख्खनच्या बाजारपेठांत भाव बोलला जात नसे, दाबला जाई. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा सोगा टाकत आणि आत बोटांचा व्यवहार सुरू होई. किती बोटं धरली, कोणतं पेर दाबलं, त्यावर रुपये-आणे ठरत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीच उभा असे आणि त्याला फक्त हलणारा रुमाल दिसे. या पद्धतीला हत्ता म्हणत. आज मोबाइलमधली अ‍ॅप माणसाची माहिती कशी गोळा करतात आणि तिचं काय करतात, याची चर्चा नवलाने होते. नांदेडच्या मोंढ्याला आणि लातूरच्या आडत बाजाराला त्यात फारसं नवल वाटू नये.

लातूरला बाजार म्हणून उभं केलं ते बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फुटी रुळांची ही चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि निजामाच्या मुलखातल्या कापूस-धान्याला बाहेरची वाट मिळाली. नांदेड हैदराबाद-मनमाड मार्गावर होतं. तिथे कापूस होता, पुढे गिरणी आली. लातूरच्या गंजगोलाई बाजारचौकात सोळा रस्ते येऊन मिळतात. गाड्या कुठूनही आल्या तरी अखेर आडत्याच्या ओट्यापाशीच थांबणार.

भाव झाकण्याच्या प्रकाराविरुद्ध कायदा तसा लवकर आला. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला आणि हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, समितीचा काटा आणि हातात पट्टी, ही त्यातून आलेली शिस्त. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं लिहिलेलं असतं. रुमाल गेला.

खतावणी मात्र राहिली.

आडत्याचं खरं भांडवल तिजोरीपेक्षा या लाल वहीत असे. पेरणीला नेलेलं बियाणं, खताची उधारी, दवाखान्यासाठी घेतलेली उचल, पोरीच्या लग्नाला दिलेली रक्कम, सारं शेतकऱ्याच्या नावाच्या पानावर. त्यातून आडत्याला कळे की कोण दिवाळीआधी ओलं सोयाबीन घेऊन धावत येणार आणि कुणाला तूर होळीपर्यंत घरात ठेवणं परवडणार. उचल घेतलेला माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर माल टाकायला कचरतो, हेही त्याला पाठ. आज डिजिटल कंपन्या ज्याला ग्राहकाचं वर्तन म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की आडत्या अडीअडचणीला रात्रीही दार उघडत असे. त्याला नुसता लुटारू म्हणणं सोपं असलं तरी पुरतं खरं नाही.

येळवशीला तर तो माहितीच्या उगमापाशीच जाई. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, लक्ष्मीची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. शहरातल्या व्यापाऱ्यांना, ओळखीच्यांना अगत्याचं बोलावणं असतं. आंबिलीचा पेला हातात घेऊन बांधावरून चक्कर मारली की तुरीला शेंगा किती, हरभरा कसा धरलाय, हे पाहुण्याच्या नजरेतून सुटत नाही. आमंत्रण प्रेमाचंच, पण पाहणीही होऊन जाई.

कागद कुणाकडे आहे याला किती महत्त्व, हे शेतकऱ्यांना फार पूर्वी उमगलं होतं. मे १८७५ मध्ये सुप्यात दंगा उसळला आणि पुणे-नगरच्या गावांत पसरला. तिथल्या लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळाले की ते जाळले जात. ब्रिटिश सरकारने पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला.

भावाची माहिती खिशात आली ती एकविसाव्या शतकात. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट २००० मध्ये सुरू झालं आणि २००७ मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रात पैसे घेऊन एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान कळवणारी सेवा आणली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या शंभर गावांत ती तपासली. सोयाबीनवालेही त्यात होते. २०१२ मध्ये छापलेला निष्कर्ष थंड पाणी ओतणारा होता: संदेश मिळणाऱ्यांना सरासरीने वाढीव भाव मिळाल्याचं दिसलं नाही. मोंढ्यातल्या कुणालाही हे समजायला अभ्यास लागला नसता. लातूरचा भाव कळला म्हणून नांदेडची उचल फिटत नाही.

आता भाव तर उदंड झालेत. तेल गिरण्यांचे प्लांट रेट सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ‘दहा-दोन-दोन’च्या अटीसह: ओलावा दहा टक्के, माती-कचरा दोन, डागी दाणे दोन. २०१६ पासून ई-नाम हा ऑनलाइन बाजारही आहे. वायद्याकडे पाहणाऱ्यांना डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवल्यावर एक खूण कमी झाली, एवढंच.

शेतकऱ्याकडून वर जाणारा, उलट्या दिशेचा माहितीचा प्रवाह जास्त लक्ष देण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, तो जागेच्या नोंदीसह वर जातो. अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल योजनेतल्या शेतकरी ओळख क्रमांकाला आधार आणि सातबारा जोडलेला आहे. प्लांटिक्ससारखं जर्मन अ‍ॅप पानाच्या फोटोवरून रोग ओळखतं, तेही मराठीत आणि फुकट; त्याच कंपनीने कृषी केंद्रवाल्यांसाठी वेगळं अ‍ॅप काढलं. कोणत्या तालुक्यात कोणती कीड पडली हे ज्याला आधी कळतं, त्याला तिथे कोणतं औषध खपणार तेही कळतं. पीकविमा, अनुदान, कर्ज यांसाठी या नोंदी खरोखर उपयोगी आहेत, नाकारण्यात अर्थ नाही.

पण आडत्याच्या वहीत आपलं पान कोणतं, ते शेतकऱ्याला ठाऊक असे. पाडव्याला तो समोर बसून हिशोब काढायला लावू शके, एखाद्या आकड्यावर हुज्जतही घाली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क कागदावर दिला आहे. ओळख क्रमांकासाठी सेवा केंद्रात रांगेत उभा असलेला शेतकरी मोबाइल चालकाच्या हाती देतो, ओटीपी वाचून दाखवतो आणि संमतीची खूण चालकच करतो. त्या खुणेखाली काय लिहिलं होतं, हे विचारायला मागची रांग वेळ देत नाही.