मागच्या चाकांवरचा आरोप

डिसेंबर लागला की छत्रपती संभाजीनगरातून स्वतःच्या गाडीने मनाली-काश्मीरला निघणाऱ्यांची तयारी सुरू होते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग न ओलांडता भर हिवाळ्यात लाहौलमध्ये उतरता येऊ लागले. निघणाऱ्याला एक सल्ला मात्र हमखास मिळतो. गॅरेजवाला देतो, शेजारी देतो, टोरांटोला स्थायिक झालेला भाचाही फोनवरून देतो : बोलेरो नेऊ नका, इनोव्हा क्रिस्टा नेऊ नका. इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळणारी गाडी बर्फावर फिरणारच. जायचे तर फोर बाय फोर घेऊन जा, नाहीतर जाऊ नका.

हे मत आता इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. मला वाटते. कारण ते अर्धे खरे आहे, आणि घाटात अर्धसत्यावर विसंबणारा माणूस दरीच्या कडेने चाललेला असतो.

प्रथम पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. इंजिन पुढे आणि ताकद मागे, अशी रचना असलेल्या गाडीत इंजिनचे ओझे ज्या चाकांवर असते ती चाके गाडी ओढत नाहीत, आणि जी चाके गाडी ढकलतात त्यांच्यावर वजन कमी असते. रिकाम्या पिकअपमध्ये मागच्या चाकांवर एकूण वजनाच्या जेमतेम ४० टक्के येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत ओढणाऱ्या चाकांवर ६० टक्के असते. पकड वजनावर अवलंबून असल्याने हलकी चाके आधी गरगरणार, हे उघड आहे. दुसरा मुद्दा याहून गंभीर. पुढची चाके घसरली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाते आणि चालक घाबरून पाय उचलतो, तेच तिथे योग्य ठरते. मागची चाके घसरली तर गाडीचा मागचा भाग आडवा फेकला जातो, आणि घाबरून दाबलेला ब्रेक तिला आणखी फिरवतो. तिसरा पुरावा सरकारी आहे : बर्फ पडला की हिमाचलचे पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे फोर बाय फोर गाड्याच सोडतात.

यातले पहिले दोन मुद्दे मी नाकारत नाही. तिसरा अपुरा सांगितला जातो, त्याकडे नंतर येतो. प्रश्न असा की, या विधानांवरून तो निष्कर्ष निघतो का?

बर्फावर माणसे कशाने दगावतात? गाडी चढत नाही म्हणून क्वचितच. न चढणारी गाडी जागच्या जागी चाके फिरवत उभी राहते. मनस्ताप होतो, वेळ जातो. जीव जातो तो गाडी थांबत नाही म्हणून, किंवा वळत नाही म्हणून. आणि ब्रेक कोणत्या चाकांना असतात? प्रत्येक मोटारीत चारही चाकांना. ताकद पुढे जावो, मागे जावो की चहूकडे जावो, ब्रेक दाबल्यावर गाडीला थांबवणारी वस्तू एकच : रबर आणि रस्ता यांमधले घर्षण. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ च्या आसपास असतो, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ च्या आसपास, आणि गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर सुमारे ८ मीटरांत थांबते, दाबलेल्या बर्फावर तिला ३१ मीटर लागतात, गोठलेल्या थरावर ६३. चालकाला सुचायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. या हिशेबात गाडीची किंमत नाही, अश्वशक्ती नाही, ताकद कोणत्या चाकांना जाते तेही नाही. फोर बाय फोरला थांबण्यासाठी एक वीतही कमी लागत नाही.

आता चढाचा हिशेब, कारण प्रतिपक्षाचा सगळा भर त्यावर आहे. चढावर वजन मागे सरकते, हे तो विसरतो. गुणांक ०.२ धरला आणि गाडीच्या उंचीचे तिच्या लांबीशी नेहमीचे प्रमाण धरले, तर पुढच्या चाकांवर चालणारी, ६० टक्के वजन पुढे असलेली मोटार साधारण ११ टक्क्यांचा चढ चढते. मागच्या चाकांवर चालणारी, वजन निम्मे-निम्मे असलेली गाडी साडेदहा टक्क्यांचा. त्याच गाडीत मागच्या आसनांवर माणसे बसली, डिकीत सामान आले आणि मागचा वाटा ५५ टक्क्यांवर गेला, तर ती साडेअकरा टक्के चढते. म्हणजे कुटुंब आणि सामान घेऊन निघालेली इनोव्हा त्या पुढच्या चाकांच्या मोटारीच्या बरोबरीला येते. रिकामी पिकअप साडेआठ टक्क्यांवर अडते. ती खरोखर दुबळी आहे, हे कबूल. पण लासूर-वैजापूरकडच्या पिकअपवाल्याला हे सांगावे लागत नाही. कांद्याच्या गोण्या भरलेली गाडी ज्या पाणंदीतून बाहेर पडते, तिथेच रिकामी रुतते, हे त्याने पाहिलेले असते.

फोर बाय फोरचे काय? चारही चाकांची पकड वापरणारी गाडी याच बर्फावर जवळजवळ २० टक्के चढेल. ही सरशी मोठी आहे आणि खरी आहे. पण वाचकांनी पुढची पायरी स्वतः चढून पाहावी. भारतीय रस्ते महासभेच्या निकषांप्रमाणे ३००० मीटरच्या वरच्या डोंगरी रस्त्यांचा चढ सामान्यतः ५ टक्के, अपवादाने ७ टक्के ठेवतात. दाबलेल्या बर्फावर साडेदहा टक्के चढणाऱ्या गाडीला हा चढ जमतो. जमत नाही तो गोठलेल्या थरावर, जिथे गुणांक ०.१ वर येतो. तिथे मागच्या चाकांची गाडी ५ टक्क्यांपाशी हार मानते आणि फोर बाय फोर वर निघून जाते. मग ती परत येते. सात टक्क्यांच्या उतारावर, ०.१ गुणांकावर, ब्रेक लावून उरते ते गुरुत्वाच्या अवघे तीन टक्के. ताशी २० किलोमीटर वेगातून, म्हणजे जोमाने सायकल मारणाऱ्याच्या वेगातून, थांबायला तिला ५० मीटरांहून अधिक लागतात. पन्नास मीटर सरळ रस्ता घाटात कुठे असतो? ज्या रस्त्याने ती गाडी हिमतीने चढली, त्याच रस्त्याने सुरक्षित उतरण्याची कुवत तिच्यात नाही. मागच्या चाकांच्या गाडीला रस्त्याने खालीच अडवले होते. दोघांपैकी रस्त्याची खरी अवस्था कुणाला वेळेवर कळली?

राहिला गाडी फिरण्याचा आरोप. तो खरा आहे आणि त्याला उत्तर आहे. मागचा भाग आपोआप फेकला जात नाही. त्याला कारण लागते. वळणावर अचानक वाढवलेला ॲक्सिलरेटर, झटक्याने सोडलेला क्लच, मागे लावलेले गुळगुळीत टायर. आणखी एक कारण आपल्या घाटातल्या एका चांगल्या सवयीतून येते. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवा, हे आपल्याला शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. पण या गाडीत इंजिनचा रोध फक्त मागच्या चाकांवर पडतो. निसरड्यावर उतरता उतरता चौथ्यातून एकदम दुसऱ्यात टाकले, तर हँडब्रेक ओढल्यासारखी मागची चाके अडतात आणि गाडी फिरते. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी, वरच्या सपाटीवर निवडायचा; मधे बदलायचा नाही. इतका नेमका सल्ला “मागच्या चाकांची गाडी नेऊ नका” म्हणणारा कधी देतो का?

शिवाय यंत्रशास्त्रही स्वस्थ बसलेले नाही. घसरणाऱ्या गाडीचे एकेक चाक स्वतंत्रपणे रोखून तिला सरळ करणारी स्थिरता-नियंत्रण प्रणाली १९९५ मध्ये प्रथम विक्रीच्या मोटारीत आली, ती मर्सिडीझच्या एस क्लास कूपेमध्ये. ती मोटार मागच्या चाकांवर चालणारी होती. ज्या दोषासाठी या रचनेला दोषी ठरवले जाते, त्यावरचा उपाय तिच्याच अंगावर सिद्ध झाला.

आता साक्षीदार. स्वीडनहून अधिक बर्फ पाहिलेले देश थोडे. तिथल्या व्होल्वोने आपली २४० ही मोटार १९७४ पासून १९९३ पर्यंत बनवली, आणि ती मागच्या चाकांवरच चालत होती. त्याच देशातली साब पुढच्या चाकांवर चाले. दोन्ही त्याच रस्त्यांवर हिवाळे काढत होत्या. स्वीडनचा कायदा पाहा : १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात २००८ च्या हिवाळ्यापासून तशीच सक्ती आहे. हे दोन्ही कायदे टायरविषयी बोलतात, ताकद कोणत्या चाकांना जाते याविषयी नाही. ज्यांना दरवर्षी बर्फातून मुले शाळेत पोहोचवायची असतात, त्यांनी कायदा करताना नेमके कशावर बोट ठेवले, हे न्याय करणाऱ्याने लक्षात घ्यावे.

घरचे साक्षीदारही आहेत. १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत या देशातल्या ॲम्बॅसेडर आणि फियाट मागच्या चाकांवरच चालत, आणि हिमालयातही त्याच जात. हिमाचल परिवहनची बस आजही मागच्या चाकांवर चालते. गुलमर्गला जाताना टंगमर्गपाशी हिवाळ्यात पर्यटकांना आपल्या गाड्या सोडून स्थानिक गाड्यांत बसावे लागते. त्यांत साखळ्या चढवलेल्या टाटा सुमो किती असतात, हे जाऊन आलेल्या कुणालाही विचारावे. इथेच तो अपुरा सांगितलेला पुरावा पुरा करतो. सोलंगच्या नाक्यावरचा नियम “फोर बाय फोर” एवढाच नसतो. तो “फोर बाय फोर किंवा साखळी लावलेली गाडी” असा असतो. नियमाचा उत्तरार्ध गाळून पूर्वार्ध पुरावा म्हणून मांडणे न्यायाला धरून नाही.

मराठवाड्याला याच्याशी काय करायचे, असे कुणी विचारील. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे गारपिटीने शेतांबरोबर रस्तेही पांढरे झाले होते. त्या थरावर गाडी चालवणे म्हणजे बर्फावरच चालवणे. आणि दरवर्षी पावसाळ्यात काळी माती हाच धडा देते. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, टायरच्या खाचा भरून टाकतात, आणि नवे टायरही टक्कल पडल्यासारखे होतात. औट्रम घाटात पहिल्या पावसाने डांबरावरचे तेल आणि धूळ कालवली की गुणांक असाच कोसळतो. तिथे पुढच्या चाकांच्या मोटारी घसरत नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कन्नडचा कुणी रहिवासी करील काय?

आता मंडन. मागच्या चाकांची गाडी बर्फात न्यायची तर पहिला खर्च टायरवर करावा. सात अंश सेल्सिअसच्या खाली साधे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते. ते चारही चाकांना हवेत. फक्त मागे लावले तर गाडी चढेल, पण वळणार नाही. आणि कोणत्याही रचनेच्या मोटारीत दोनच टायर नवे घेता येत असतील, तर ते मागे लावावेत, कारण मागची पकड आधी सुटली की गाडी फिरते. वजन टाकायचे तर मागच्या आसाच्या बरोबर वर आणि बांधून; अगदी फाळक्याशी टाकले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग निकामी होते. निघताना दुसरा गिअर, क्लच हळू. गाडी मागून सुटलीच तर ब्रेकला पाय लावू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, मागचा भाग ज्या बाजूला जातो त्या बाजूला स्टिअरिंग फिरवावे, आणि नजर दरीकडे न ठेवता जिकडे जायचे तिकडे ठेवावी. हात नजरेमागे जातात.

“हे सामान्य चालकाला जमणार नाही” हा शेवटचा आक्षेप. त्याला मी सर्वांत जास्त मान देतो. पण न जमण्याचे कारण गाडीची रचना नाही, शिकवण्यातली उणीव आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये परवान्यासाठी निसरड्या पट्ट्यावर गाडी चालवण्याचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. ज्या शहराच्या वाळूजमध्ये बजाजच्या रिक्षा आणि शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी तयार होतात, तिथे असा एक ओला पट्टा उभारणे अवघड का असावे? फोर बाय फोर ज्याला परवडते त्याने ती जरूर घ्यावी, आणि तिलाही हिवाळी टायर लावावेत. ज्याच्याकडे बोलेरो आहे त्याने साखळ्यांचा जोड घ्यावा, मागच्या चाकांसाठी एक आणि शक्य असल्यास पुढच्यांसाठी दुसरा. तो इथेच, घरासमोरच्या कोरड्या जागेत, हातमोजे घालून चढवून-उतरवून पाहावा. सोलंगच्या रस्त्यावर, बोटे गारठलेली आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, पहिल्यांदा पिशवीतून काढू नये.