येरळेकाठचे चक्रवाक आणि प्रतिजैविके

खटाव तालुक्यात चांद नदीवर मायणीचा तलाव आहे. चांद येरळेस मिळते व येरळा सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेस. हिवाळ्यात या पट्ट्यात हिमालयापलीकडून चक्रवाक उतरतात. संस्कृत कवींनी ज्याचा विरह गाइला तोच हा पक्षी; जंतुशास्त्रज्ञाची दृष्टी मात्र त्याच्या विष्ठेकडे असते.

पिंपरीचा सरकारी कारखाना १९५५ साली पेनिसिलिन निर्माण करू लागला. औषधास दाद न देण्याचा गुण आतड्यातील एक जंतू दुसऱ्यास देऊ शकतो, हे जपानी संशोधकांनी त्याच दशकात दाखविले. पुढे १९७८ साली तेथील कबुतरे व कावळे यांच्या कोलाय जंतूंतही तो गुण आढळला. रानपक्ष्यास औषध कोण देणार? तो येतो सांडपाण्यातून, उकिरड्यावरून, कुक्कुटपालनाच्या घाणीतून. कोंबड्यांच्या खाद्यातील कोलिस्टिनवर आपल्याकडे बंदी आली ती २०१९ साली. आटपाडीकडील डाळिंबबागांत तेल्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी तर परिचितच आहे.

सबब पक्ष्यास ‘रोगवाहक’ ठरविणारे घटनांचा क्रमच उलटा लावतात, असे आमचे मत आहे. तो वाहक असेलही, परंतु ओझे त्याच्यावर नंतर पडले. मायणीच्या चक्रवाकाची तपासणी करणाऱ्याने तलावाकाठची गटारे व खुराडी आधी तपासावीत.