वसईच्या पाकपरंपरेतील लाल वाइन

लाल वाइन म्हणजे गडद रंगाच्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून केलेले मद्य. किण्वनाच्या (आंबण्याच्या) काळात सालींतील रंगद्रव्ये व टॅनिने रसात उतरतात. पांढऱ्या वाइनसाठी साली आधीच काढून टाकत असल्याने तीत टॅनिने अल्प असतात. लाल वाइन नुसती चाखली असता व अन्नाबरोबर घेतली असता तिची चव भिन्न भासते. तुंगारेश्वरच्या पायथ्याचे चिंचोटी हे गाव ज्या वसई तालुक्यात (पालघर जिल्हा) मोडते, तेथील पाकपरंपरेच्या इतिहासात या भेदाला विशेष अर्थ आहे.

नुसत्या वाइनमधील टॅनिने लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात. त्यामुळे तोंड कोरडे पडून तुरटपणा जाणवतो. मांस किंवा चीज यांतील प्रथिने व स्निग्धांश हा तुरटपणा सौम्य करतात, तर मीठ कडवटपणा दबवते. आंबट पदार्थाबरोबर वाइनची आम्लता कमी भासते. उलट, मिरचीतील कॅप्सायसिनाचा दाह अल्कोहॉलामुळे वाढतो. म्हणून नुसती चाखताना राठ वाटलेली वाइन भाजलेल्या मटणाबरोबर मृदू लागते, आणि एरवी रुचकर वाटलेली वाइन झणझणीत रश्श्याबरोबर जहाल व कडवट होते.

डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली व मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिली. पोर्तुगीजांच्या भोजनात वाइन नित्याची होती आणि ख्रिस्ती उपासनेतील मिस्सासाठी द्राक्षांचीच वाइन आवश्यक असे. वाइन व लसूण यांत मांस मुरवून शिजविण्याची त्यांची रीतही त्यांच्याबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली. तथापि दमट हवा व मुसळधार पाऊस यांमुळे कोकणात वाइनच्या द्राक्षांची लागवड रुजणे कठीण होते. ताड-माड मात्र विपुल होते. साहजिकच वाइनची जागा ताडी-माडीपासून केलेल्या शिर्क्याने घेतली. पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरचीही त्याच पाकात मिसळली. गोव्याचा ‘विंदालू’ व वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा ‘इंद्याल’ हे पदार्थ या बदलातून घडले. वाइनची खूण ‘विंदालू’ या नावात उरली. पातेल्यातून मात्र ती गेली आणि मिरचीमुळे या पदार्थाशी तिचा मेळ बसणेही अवघड झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यसेवनावर निर्बंध आले. धार्मिक विधींतील वापरास मात्र त्यात परवानगीची तरतूद होती. नाताळसाठी द्राक्षे, मनुका वा जांभळे आंबवून घरगुती वाइन करण्याची प्रथा अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आढळते. १९८० नंतर नारायणगाव व पुढे नासिक परिसरात आधुनिक वाइननिर्मिती सुरू झाली आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून काबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ इ. जातींच्या द्राक्षांच्या लाल वाइन राज्यातच तयार होऊ लागल्या.

या वाइनची पारख करताना प्रथम नुसता घोट, मग अन्नाचा घास व पुन्हा घोट असा क्रम उपयुक्त ठरतो. इंद्यालसारख्या आंबट-तिखट पदार्थाबरोबर कमी टॅनिनांची, कमी अल्कोहॉलाची, फळांच्या स्वादाची व किंचित गार वाइन जुळते. टॅनिनयुक्त, भारदस्त वाइन कमी तिखट व स्निग्ध मांसाबरोबर शोभते. नुसत्या चाखण्यात श्रेष्ठ ठरलेली वाइन मराठी ताटाशेजारीही श्रेष्ठ ठरेलच असे नाही.